जुन्या सेडानचं सस्पेन्शन : आवाज कुठून येतो, आधी काय बदलायचं आणि कशावर पैसे घालवू नयेत

पावसाळा ओसरला की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि घाटाखाली साखळी-डिचोलीकडच्या गॅरेजांसमोर जुन्या गाड्यांची रांग लागते. तक्रार बहुतेकांची एकच : "पुढून खडखड आवाज येतोय." त्यावर मिळणारं उत्तरही बऱ्याचदा ठरलेलं असतं : "शॉकअप गेलेत, सेटच बदलून टाका." सेट बदलून, मोठं बिल भरून माणूस घरी निघतो आणि पहिल्याच हंपवर तोच आवाज पुन्हा येतो. आवाज करत होती लिंक रॉड, जी शॉकअपच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत मिळते.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त वाईट. खालचा बॉल जॉइंट हळूहळू झिजतो, फारसा आवाज करत नाही, आणि गाडी तशीच घाटातून ये-जा करत राहते. तो सुटला तर पुढचं चाक वाकडं होऊन बसतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. आवाज मोठा म्हणजे बिघाड मोठा, हा हिशेब सस्पेन्शनला लागू पडत नाही. म्हणून पाकीट उघडण्याआधी गाडीखाली नेमकं काय काय आहे, हे मालकाला थोडं तरी माहीत असायला हवं.

उदाहरणाला डिझायर

इथे उदाहरणादाखल पहिल्या पिढीची मारुती स्विफ्ट डिझायर घेतली आहे. ही गाडी मार्च २००८ मध्ये आली आणि २०१२ मध्ये चार मीटरच्या आतली नवी डिझायर येईपर्यंत विकली गेली. सीमाभागात, गोव्यात, इंदूर-वडोदऱ्याकडेही घरगुती गाडी म्हणून आणि टॅक्सी म्हणून ती अजून भरपूर दिसते. सुरुवातीच्या गाड्यांनी १५ वर्षं ओलांडली आहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते. म्हणजे सस्पेन्शनचा प्रश्न या मालकांपुढे नाहीतरी उभा राहणारच आहे.

हिची रचना सोपी आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. २००३ नंतरची होंडा सिटी किंवा टोयोटा इटिओस यांतही ढोबळमानाने हीच मांडणी आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं त्या गाड्यांनाही लागू पडतं. टाटा इंडिगोची मागची बाजू वेगळी आहे, तिची दोन्ही मागची चाकं स्वतंत्र झुलतात.

ज्यांच्या घरी आधी ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनी होती, त्यांनी एक जुनी सवय मात्र सोडायला हवी. त्या गाड्यांना मागे पाटे होते आणि पुढे ठिकठिकाणी ग्रीस निपल. महिन्या-दोन महिन्यांनी गाडी धुवायला टाकायची, ग्रीस मारून घ्यायचं आणि खालून ऑइलचा फवारा. तिथे ते बरोबर होतं. डिझायरच्या वयाच्या गाड्यांत त्या जागी सीलबंद बॉल जॉइंट आणि रबराचे बुश आहेत. साध्या रबराला डिझेल किंवा जळकं ऑइल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. दहा-पंधरा वर्षं टिकलेला बुश अशा फवाऱ्याने लवकर जातो. सर्व्हिसिंग सेंटरवाल्याने अजूनही "खालून स्प्रे मारू का?" असं विचारलं, तर नको म्हणावं.

कोण काय काम करतं

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही. स्प्रिंग एकदा दबली की ती वर-खाली होतच राहणार. ती हालचाल पटकन थांबवणं हे शॉकअपचं काम. आत तेल असतं, त्यात दट्ट्या फिरतो, आणि बारीक वाटांतून तेल ढकललं जाताना झोक्याची ताकद उष्णतेत जिरते. म्हणून गाडी खाली बसली असेल तर दोष बहुधा स्प्रिंगचा असतो, आणि गाडी डोलत असेल तर शॉकअपचा. गॅरेजमध्ये या दोन गोष्टींची गल्लत वरचेवर होते.

पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकातच असतात, तो स्ट्रट. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली माउंटिंगमध्ये बसतं. तिथे रबर असतं आणि एक बेअरिंगही, कारण स्टिअरिंग वळवलं की अख्खा स्ट्रट फिरतो. खाली चाकाला जागेवर धरतो तो लोअर आर्म. आर्म चेसिसच्या बाजूला दोन रबरी बुशांवर हलतो, तर चाकाच्या बाजूला बॉल जॉइंटवर. डावी-उजवी बाजू जोडणारा जाड वाकवलेला बार वळणावर गाडीला कलू देत नाही, तो स्टॅबिलायझर. त्याची टोकं ज्या दोन छोट्या दांड्यांनी स्ट्रटला बांधलेली असतात, त्या लिंक रॉड. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोचवतो तो टाय रॉड एंड.

मागे भानगड कमी. दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई आहे, जी गरजेपुरती पिळली जाते. तिला पुढे दोन मोठे बुश, वर दोन स्प्रिंगा आणि वेगळे दोन शॉकअप. एवढंच.

आवाज ऐकून काय कळतं

आवाजावरून खात्री होत नाही, पण शोध कुठे घ्यायचा ते कळतं. गाडी हळू असताना, खडबडीत डांबरावर किंवा पेव्हर ब्लॉकवर बारीक "खट्-खट्" येत असेल तर आधी लिंक रॉड आणि स्टॅबिलायझरचे बुश बघावेत. खड्ड्यात चाक पडल्यावरच एकदा जाड "धप्प" येत असेल तर वरचं माउंटिंग, लोअर आर्मचा बुश किंवा संपलेला शॉकअप. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये येताना एकच ठोका बसत असेल तर बहुधा लोअर आर्मचा बुश फाटलेला असतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर "टंण्" असा तार सुटल्यासारखा आवाज आला तर वरचं बेअरिंग अडकतं आहे आणि स्प्रिंग अडकून मग एकदम सुटते आहे.

काही आवाज सस्पेन्शनचे नसतातच, आणि चुकीचं बिल इथेच जन्माला येतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना "कट्-कट्-कट्" येतो तो ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं ही व्हील बेअरिंगची किंवा लाटा पडलेल्या टायरची. ताशी ८० ते १००च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं आणि वेग कमी केला की थांबतं, तर आधी बॅलन्सिंग करून बघावं. या तिन्ही तक्रारींवर शॉकअप बदलून काडीचाही फरक पडत नाही.

टायर बघा, बरंच काही कळतं

हात काळे न करता होणारी सगळ्यात उपयोगी तपासणी टायरची. चारही टायरवरून तळहात फिरवावा. कडेकडेने थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले, टायर लाटालाटांचा झाला असेल, तर शॉकअप कमजोर आहे किंवा बॅलन्सिंग गेलं आहे. अशा वेळी चाक रस्त्यावर नीट टेकून न राहता उड्या मारत असतं. फक्त आतली कड झिजली असेल तर अलाइनमेंट, वाकलेला भाग किंवा ढिला बुश. हात एका दिशेने गुळगुळीत जातो आणि उलट्या दिशेने करवतीसारखा अडतो, तर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली आहेत. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवली जाते, मध्यभाग झिजला तर जास्त. हवा किती हवी याचा तक्ता गाडीवरच चिकटवलेला असतो. पंपावरच्या पोराला "नेहमीची टाक" असं सांगण्याऐवजी तो वाचावा. पूर्ण भरलेल्या गाडीसाठीचा आकडा मागच्या चाकांना बहुतेक वेळा वेगळा असतो.

चाक उड्या मारतं, ही तक्रार केवळ पाठीच्या दुखण्याची नाही. जितका वेळ टायर रस्त्यावर टेकलेला नाही तितका वेळ ब्रेकही लागत नाही. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या उतारावर, ओल्या वळणात, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन जाताना हा फरक जाणवतो. गाडी थांबायला जास्त अंतर घेते, आणि वळणात खड्डा आला तर मागची बाजू बाहेर सरकते.

हाताने करायच्या तपासण्या

कोपरा दाबून सोडायची जुनी युक्ती सगळ्यांना माहीत असते. गाडी वर येऊन एका झोक्यात स्थिरावली तर ठीक, दोन-तीन वेळा डोलली तर शॉकअप गेला. ही तपासणी फसवते मात्र. डोलली तर दोष नक्की, पण न डोलणारा शॉकअप चांगलाच असेल असं नाही. त्यापेक्षा टॉर्च घेऊन शॉकअपच्या अंगावर बघावं. धूळ चिकटलेला किंचित ओलावा चालतो. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर तो शॉकअप संपला, त्यात वाद नाही. वरचा धुळीपासून वाचवणारा रबरी बूट फाटलाय का आणि आतला बंप स्टॉप जागेवर आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्यावं. लाल मातीच्या रस्त्यांवर फाटका बूट म्हणजे दांड्याला सँडपेपर लावल्यासारखं आहे.

दुसरी तपासणी चाक उचलून करायची, आणि ती जॅक-स्टँड लावूनच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नये. दगड किंवा विटा लावून तर मुळीच नाही, विटा फुटतात. चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६च्या जागी, हलवून बघा. ढिलेपणा लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. यातलं कुठलं ते ओळखायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलेपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंटकडे बोट जातं. मग ९ आणि ३च्या जागी धरून हलवलं की टाय रॉड एंड कळतो. मात्र चाक हवेत लटकलेलं असताना झिजलेला बॉल जॉइंटही कधी कधी घट्ट भासतो. म्हणून फिटरने लोअर आर्मखाली पहार घालून तो उचकटून बघायला हवा. पहार न लावता "बॉल जॉइंट ओके" म्हणणाऱ्याला पुन्हा बघायला सांगायला काहीच हरकत नाही.

पैसे कमी असतील तर क्रम कोणता

जुन्या गाडीवर एका वेळी सगळा खर्च करणं बहुतेकांना परवडत नाही, आणि तशी गरजही नसते. क्रम मात्र चुकवू नये. पहिला नंबर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडचा, कारण ते सुटले तर गाडी हातात राहत नाही. यात ढिलेपणा सापडला तर "पगार झाल्यावर बघू" चालत नाही. काही गाड्यांत बॉल जॉइंट वेगळा मिळतो, काहींत आर्मसकट घ्यावा लागतो. आर्मचे बुशही फाटलेले असतील तर अख्खा आर्म घेतलेला मजुरीच्या हिशेबाने बरा पडतो, कारण खोलण्याची मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.

त्यानंतर बुश आणि लिंक रॉड. मग शॉकअप. शॉकअप एका बाजूचाच गळत असला तरी पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही असे जोडीनेच बदलावेत, नाहीतर एक बाजू कडक आणि एक नरम होते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी खेचते. पुढचा स्ट्रट खोललाच आहे तर माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि बूट त्याच वेळी घालून घ्यावेत. या वस्तू शॉकअपच्या तुलनेत स्वस्त आहेत, आणि त्यातली एक नंतर बोंबलली तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागते. शॉकअप इतक्या किलोमीटरला जातोच असा आकडा नाही. टॅक्सीला लावलेल्या आणि फक्त रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ८० हजार किलोमीटर झाले की दर सर्व्हिसिंगला खास बघायला सांगावं, एवढं पुरे.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. बुश ढिले असताना केलेलं अलाइनमेंट मशिनवर हिरवं दिसतं आणि रस्त्यावर आल्यावर पहिल्या ब्रेकला बिघडतं. ते पैसे पाण्यात. मागच्या टॉर्शन बीमला तर बहुतेक गाड्यांत सेटिंगच नसतं. मशीन मागच्या चाकांचे आकडे लाल दाखवत असेल तर तुळई वाकली आहे, तिचा बुश गेला आहे किंवा कधीतरी अपघात झाला आहे. जुनी गाडी विकत घेताना हा छापील कागद आधी मागावा.

सुटे भाग घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरपत्रकावरून भाव सांगणाऱ्या दुकानदाराला ते आठवण करून द्यावं. बिलाशिवाय मिळणारा स्वस्त बॉल जॉइंट ही बचत नव्हे. लिंक रॉड हलकी निघाली तर फक्त आवाज येईल, बॉल जॉइंटचं तसं नाही.

बोल्ट कधी आवळतात, ते बघा

ही गोष्ट छोट्या गॅरेजांत सर्रास चुकते आणि मालकाच्या कधीच लक्षात येत नाही. लोअर आर्मचा किंवा मागच्या तुळईचा रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, अशा अवस्थेत त्याचे बोल्ट शेवटचे आवळले, तर गाडी खाली टेकताक्षणी रबर कायमचं पिळलेल्या स्थितीत जातं. खड्डा न लागताही ते ताणलेलं राहतं आणि नवा बुश लवकरच फाटतो. मग दोष पार्टला दिला जातो. बरोबर पद्धत अशी की बोल्ट आधी हाताला लागेल इतके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं, आणि मगच ठरलेल्या टॉर्कने आवळायचं. फिटरला हे आधीच सांगून ठेवावं. चांगला फिटर यावर चिडत नाही.

हंपला घासते म्हणून रबर बफर?

डिझायर, सिटी, इटिओस, कुठलीही सेडान घ्या. मागे तिघं बसले आणि डिकी भरली की गावातल्या हंपला पोट घासतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल हंपाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे, म्हणजे गाडी अलगद चढून उतरेल असा पसरट. गावोगावी रातोरात घातलेले हंप मात्र अरुंद आणि उभे असतात. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबर किंवा पॉलीयुरेथेनचे बफर दुकानात मिळतात आणि जोरात विकले जातात.

बफरने गाडी थोडी उचलली जाते, हे खरं. पण ज्या वेटोळ्यांत तो बसतो ती वेटोळी काम करायची थांबतात. उरलेल्यांवर जास्त ताण येतो आणि गाडी कडक होते. तो कडकपणा शेवटी शॉकअप आणि माउंटिंगवर जातो. आठवड्यातून एकदा गाडी भरून नेणाऱ्याने हवा तक्त्याप्रमाणे वाढवावी, सामान कमी करावं. मागची बाजू रिकामी असतानाही बसलेली दिसत असेल तर स्प्रिंग थकली आहे. तिथे नवी स्प्रिंग हाच उपाय, बफर म्हणजे झाकपाक. एकच स्प्रिंग बदलू नये, दोन्ही बदलाव्यात.

गाडी कुठली आहे, त्यावरूनही ठरतं

सीमाभागात गोवा पासिंगची गाडी बेळगावात आणि महाराष्ट्राची गाडी गोव्यात विकली जाणं रोजचंच. कागदपत्रं सगळे बघतात, खाली वाकून कोणी बघत नाही. समुद्राकाठी वापरलेल्या गाडीत बॉनेट उघडून स्ट्रट जिथे बसतो तो पत्रा आणि मागच्या स्प्रिंगची खालची बैठक आधी बघावी. मिठाच्या हवेने तिथे पापुद्रे सुटलेले असतील तर नवा शॉकअप घालून उपयोग नाही, काम पत्र्याचं आहे आणि ते मोठं आहे. स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळंही बघावं. गंजून तुटलेला तुकडा आत अडकून राहतो आणि मालकाला पत्ता नसतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात फिरलेल्या गाडीत चिखल साचून बोल्ट जाम झालेले असतात. खोलताना बोल्ट तुटेल हे धरूनच फिटरकडून खर्चाचा अंदाज घ्यावा. इंदूर, हैदराबादकडच्या कोरड्या उन्हातल्या गाडीत पत्रा चांगला सापडतो, रबराला मात्र तडे असतात.

घरी काय करू नये

लिंक रॉड बदलणं पान्यांचा सेट असलेल्या माणसाला जमतं. स्ट्रट खोलणं मात्र घरचं काम नाही. स्ट्रटमधली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. तिला धरणारं शिकंजासारखं हत्यार नीट न लावता वरचा मधला नट सोडला, तर ती सुटून जिवावर बेतू शकतं. बॉनेट उघडल्यावर तो मधला नट समोरच दिसतो आणि पान्याला हात शिवशिवतो, म्हणून हे मुद्दाम सांगायचं. दोरी किंवा तार बांधून स्प्रिंग काढणारा फिटर दिसला तर गाडी घेऊन दुसरीकडे जावं.

काम झाल्यावर काढलेले जुने पार्ट मागून घ्यावेत. जुनी लिंक रॉड हातात धरून टोक हलवलं की ती गेली होती की नव्हती ते लगेच कळतं, आणि जुना शॉकअप दाबून बघितला तरी तेच. मग त्याच फिटरला शेजारी बसवून, ज्या रस्त्यावर आवाज यायचा त्याच रस्त्यावर गाडी फिरवून आणावी. पैसे द्यायचे ते त्यानंतर.